आबाची डागणी

सटू आजारी पडला आणि आमच्या घरात मिठाला कुलूप लागलं. कुलूप म्हणजे खरोखरचं. मायनं माहेराहून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत मिठाचं गाडगं ठेवलं आणि पेटीची किल्ली गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवली. सटू माझा धाकटा भाऊ. त्याच्या मूत्रपिंडांना काहीतरी झालं होतं. अंगातलं सत्त्व लघवीवाटे निघून जायचं आणि त्याच्या जागी पाणी भरायचं. सकाळी पापण्या इतक्या सुजलेल्या असायच्या की डोळे उघडायचे नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत ती सूज पायांत उतरायची. परभणीच्या डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं होतं. त्याच्या एकट्याचं बंद केलं तर तो दुसऱ्याच्या ताटाकडं बघून रडायचा, म्हणून मायनं सगळ्या घराचंच बंद करून टाकलं. भाकरी अळणी, वरण अळणी, अंबाडीची भाजीही अळणी. आबा, म्हणजे माझा बाप, पहिले काही दिवस गुमान जेवला. मग एक दिवस त्यानं ताट उचलून भिंतीवर मारलं. वरण भिंतीवरून ओघळलं, कुत्र्यानं ते हुंगलं आणि तसंच सोडून दिलं. त्यावर मला हसू आलं, म्हणून पहिला फटका मला बसला. दुसरा मायला बसला. मायनं चुलीपुढची फुंकणी उचलली आणि आबाच्या नडगीवर घातली.

सटूचं डोकं मिठाच्या बाबतीत भलतंच चालायचं. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. पावसाळ्यात मेंढरांना मीठ चाटायला द्यावं लागतं, त्यामुळे वाडग्यात, म्हणजे मेंढरं कोंडायच्या काटेरी कुंपणात, एका सपाट दगडावर खडेमीठ ठेवलेलं असायचं. सटू मेंढरांच्या पायांतून घुसून तिथं जायचा आणि त्यांच्यातलाच एक होऊन दगड चाटायचा. माय त्याला मानगुटीला धरून बाहेर ओढायची, तोंडात बोटं घालून ओकायला लावायची, वर पाठीत धपाटे घालायची, आणि मग त्याच पाठीवरून हात फिरवत रडत बसायची. मला तेव्हा तिचा फार संताप यायचा. आज माझी नातवंडं खारट वेफर्सची पाकिटं फोडून खातात आणि शेवटी बोटं चाटतात, तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. सुनेला वाटतं, म्हातारीला पाकिटांचा आवाज सहन होत नाही. मीही तिला तसंच वाटू देते.

माझे आईबाप आधी असे नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण आता ते सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही. दिवाळी झाली की आम्ही कळप घेऊन गंगाखेडच्या बाजूला गोदाकाठच्या रानांत जायचो. आज याच्या वावरात मुक्काम, उद्या त्याच्या. माय घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं, आबा मेंढरांच्या मागं, आणि दोघांची दिवसभर एकमेकांना हाका मारत थट्टा चाललेली. आबा तिला ‘सरकार’ म्हणायचा, आणि ती त्याला सगळ्या कळपादेखत मेंढ्यांचा नवरदेव म्हणायची. हुलग्याचं माडगं उकळत असायचं, त्याचा वास येत असायचा, आणि त्या दोघांच्या हसण्यानं कुत्री उगीच भुंकायची. सटूच्या दुखण्यानं हे सगळं बंद पडलं. कळप चुलत्यासोबत जाऊ लागला आणि रानात वाढलेला आबा छपराखाली कुजत बसला. माय लग्नाला जाईना, बारशाला जाईना. लोक लेकरू कसं हाय म्हणून विचारतात आणि उत्तर यायच्या आत दुसरीकडं बघतात, असं ती म्हणायची. दोघांत बोलणं उरलं ते एवढंच की गोळी दिली का, मूत किती झालं. त्यापुढं भांडण. मारणं ही आमच्या घरात बोलण्याचीच एक तऱ्हा होऊन बसली. आबा हातानं मारायचा, माय हाताला येईल त्यानं. एकदा तिनं त्याच्या दंडाचा लचका तोडला होता. शेजारी आधी सोडवायला यायचे, पुढं पुढं नुसती आपली दारं लावून घ्यायला लागले. सटू मात्र भिंतीकडं तोंड करून पडायचा आणि नखानं भिंतीवरचे शेणाचे पोपडे काढत राहायचा.

डॉक्टरांनी मायला एक काम शिकवून ठेवलं होतं. एक काचेची नळी दिली होती. रोज सकाळी सटूची पहिली लघवी त्या नळीत घ्यायची आणि चिमणीच्या ज्योतीवर धरून उकळायची. निर्मळ राहिली तर बरं. नासलेल्या दुधासारखी पांढरी फुटली, तर सूज येणार असं समजायचं आणि उठून परभणी गाठायची. नळी ज्योतीवर धरली की माय श्वास रोखायची, आणि घरातले सगळेच तिच्याकडं बघत थांबायचे. आमच्या आत्याला ते अजिबात बघवत नव्हतं. आत्या ही आबाची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच राहायची. आबाला तिनं कडेवर वाढवलेला. सटूवर तिचा जीव होता, तासन्‌तास ती त्याला मांडीवर घेऊन बसायची. पण नळी दिसली की तिचं डोकं फिरायचं.

“चुलीच्या घरात मूत उकळायलीस,” ती मायला म्हणायची. “सटवाई कोपंल न्हाई तर काय करंल? तू लेकराचं आयुष्य आटवायलीस, आयुष्य!”

आत्याच्या मते सटूवरचा इलाज घरातच होता. आबा जनावरांना डाग द्यायचा आणि त्यात त्याचं नाव होतं. मुठीला लाकूड आणि टोकाला बाक असलेली लोखंडी सळई म्हणजे डागणी, ती आमच्या दाराच्या वर आडव्या लाकडात खोचलेली असायची. पावसाळ्यात मेंढराच्या जबड्याखाली पाणी उतरतं, गळ्याशी पिशवी लोंबायला लागते. आबा मेंढरू आडवं पाडायचा, अंगठ्यानं दाबत दाबत जागा शोधायचा, तिथं राखेचं बोट टेकवायचा आणि लाल झालेली डागणी तिथं एकदा टेकवून लगेच उचलायचा. जळक्या लोकरीचा वास सुटायचा, मेंढरू एकदा ओरडायचं, आणि झालं. काही जगायची, काही मरायची. जगलेल्यांचा डाग चारचौघांना दिसायचा आणि मेलेली पुरली जायची, म्हणून आबाचं नाव झालं, असं मला आता वाटतं. पण तेव्हा परभणीच्या वाटेवरच्या झरीहून माणसं बैल घेऊन यायची आणि मला त्याचा अभिमान होता. सटूच्या तोंडावर उतरलेलं पाणी आणि मेंढराच्या जबड्याखालचं पाणी, यात आत्याला फरक दिसत नव्हता. आबाला तरी कुठं दिसत होता? फक्त डॉक्टरांनी त्याला बजावून ठेवलं होतं की या पोराच्या अंगावर ओरखडासुद्धा उठू देऊ नका. सुजलेल्या अंगावरची जखम चिघळते, विष अंगभर पसरतं आणि पोर हातचं जातं. त्या एका धाकावर डागणी दाराच्या वर राहिली होती.

गोळ्यांवर सटू तगून होता. मग नामांतराचं सुरू झालं. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला. एसट्या बंद झाल्या, रस्त्यांवर झाडं आडवी पडली, जीपवाले घरी बसले. शेजारच्या गावात बौद्धवाडा जाळला, त्याचा धूर आम्ही वाडग्यात उभं राहून पाहिला. ज्यांची घरं जळाली, ज्यांची माणसं मारली गेली, त्यांच्या दुःखाशेजारी आमची गोळ्यांची पुडी मांडताना मला लाज वाटते. पण मी माझ्या घराचं लिहायला बसले आहे. जाळायला गेलेल्यांतले काहीजण आमच्याही गावचे होते आणि दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारावरून नेहमीसारखे शेताला गेले, एवढं मात्र लिहून ठेवते. त्याच दिवसांत गोळ्या संपल्या. आबा पायीच परभणीला निघाला. झरीच्या अलीकडं काठ्या घेतलेल्या टोळक्यानं त्याला अडवलं. कोण, कुठला, कशाला चालला, हे नीट विचारायच्या आधीच त्याच्या कपाळावर काठी बसली होती. तो रक्तानं भरलेला परत आला आणि ओसरीवर बसून राहिला.

दुसऱ्या सकाळी नळी पांढरी झाली. मायनं ती धुतली, पुन्हा भरली, पुन्हा ज्योतीवर धरली. पुन्हा पांढरीच. सटूचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं आणि त्याला पडून श्वास घेता येत नव्हता, म्हणून त्याला ओसरीवर घोंगडीच्या गुंडाळीला टेकवून बसवला होता. आबा उठला, त्यानं मायच्या हातातली नळी ओढली आणि उंबऱ्यावर आपटून फोडली.

“फुगून मरायलंय लेकरू,” आत्या आबाला म्हणाली. “पिरू, दुनियेच्या जितराबाला डाग देतूस, अन् आपल्या लेकरापुढं हात बांधून बसलास?”

“डाक्टर काय म्हणला, इसरलात का?” माय आबाला म्हणाली. “जखम झाली तर जाईल त्यो.”

“डाक्टर हाय का हितं? रस्ता हाय? गोळी हाय?” आबा ओरडला. “काय हाय तुझ्यापशी? काचंची नळी? ती बी न्हाई आता!”

“उचलून नेऊ. मी नेते.”

“अन् म्या काय केलं काल? हे बघ, हे!” त्यानं कपाळावरची चिंधी ओरबाडून काढली आणि रक्त पुन्हा भुवईवर आलं.

त्यानं दाराच्या वरची डागणी काढली. माय त्याच्या हाताला लोंबकळली. आबानं तिला झटकलं, केस धरून घरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मी कडी काढायला धावले, तर त्यानं मला असं भिरकावलं की मी रांजणावर आपटले आणि दात ओठात घुसला. ती खूण अजून आहे, हसले की दिसते. आतून माय दार बडवत होती. आत्यानं वाडग्यात गोवऱ्या पेटवल्या आणि सटूला घोंगडीसकट उचलून तिथं नेलं, तशी कडी विसरून मीही त्यांच्यामागं धावले. मेंढरं कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती, त्यांना डागणीचा विस्तव ओळखता येतो. आत्यानं सटूचे हात धरले, आबानं त्याच्या मांड्यांवर गुडघा टेकवला. गुडघा टेकवताच सुजलेल्या मांडीत खड्डा पडला आणि तो पुन्हा भरला नाही.

“आबा, म्या मीठ न्हाई खाल्लं,” सटू म्हणाला. त्याला धाप लागली होती, एकेक शब्द सुटा येत होता. “खरंच न्हाई. आज दगडापशी गेलतूच न्हाई.”

आबाचा अंगठा त्याच्या पोटावरून फिरत होता. बेंबीच्या डाव्या अंगाला, बरगडीच्या खाली तो थांबला. आबानं तिथं राख टेकवली.  डागणी घ्यायला तो विस्तवाकडं वळला, तेवढ्यात घराची वाडग्याकडची मागची भिंत फुटली. आमचा कूड कापसाच्या पऱ्हाट्यांचा होता, वरून शेणामातीनं लिंपलेला, आणि पावसानं भिजून मऊ पडलेला. त्यातून आधी मायचं डोकं आलं, मग खांदे, मग ती सगळीच बाहेर पडली. हातांची सालटं निघालेली, लुगडं फाटून काटक्यांत अडकलेलं. ती कशीबशी उठली आणि आबाच्या आधी विस्तवापाशी पोचली. डागणी तिच्या हातात आली.

“ठिव खाली,” आबा म्हणाला.

“ठिवते,” माय म्हणाली, आणि लाल टोक तिनं आबाच्या पोटावर दाबलं. बेंबीच्या डाव्या अंगाला, बरगडीच्या खाली. सटूच्या पोटावर राख होती बरोबर त्याच जागी. आबा टेकवून लगेच उचलायचा, तशी तिनं उचलली नाही. चर्रर्र आवाज झाला आणि माणसाचं मांस जळाल्याचा वास मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला. आबाचं ओरडणं ऐकून मेंढरं कुंपण मोडून बाहेर पडली. आत्या सटूला सोडून कपाळ बडवायला लागली.

“कळ्ळं?” माय किंचाळत होती. “कळ्ळं का तुला? आता कळ्ळं?” तिनं आबाला ‘तुला’ म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आता आबा हिला जिवे मारणार, याची मला खात्री होती. त्यानं कुंपणाचा एक मोडका दांडा उचललाही होता. मायनं डागणी समोर धरली होती. दोघंही बराच वेळ तशीच उभी राहिली, दोघांच्याही तोंडाला फेस आला होता. मग आबाचा दांडा आपोआप खाली आला आणि तो चिखलात मटकन बसला. माय डागणी तशीच धरून उभी होती, आबा काय करतो हे बघत. तो उठला, सटूच्या पोटावरची राख त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली, त्याला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि मायला म्हणाला, “चल.”

आम्ही रस्ता सोडून वावरांतून चाललो. चिखल पोटऱ्यांपर्यंत येत होता. आबा मध्येच थांबून पोटाशी हात न्यायचा, मग पुन्हा चालायचा. माय सटूला मागू लागली की तो मान हलवायचा. जिथं ओढा ओलांडायला रस्त्यावर यावंच लागलं, तिथं काठ्यावाले उभे होते. “कुणाचे रे?” एकानं विचारलं.  आबानं सटूच्या तोंडावरची घोंगडी बाजूला केली. ते सुजलेलं, डोळे बुजलेलं, निळसर ओठांचं तोंड बघून पुढचा मागं सरकला आणि त्यानं नाकाला रुमाल लावला. “कसली तरी साथ हाय, जाऊ द्या रे,” तो म्हणाला. त्यांनी काठ्या खाली घेतल्या आणि आम्हाला वाट दिली. माणसाची कीव येऊन नाही, तर रोगाच्या भयानं ते बाजूला झाले, याची मला अजून चीड येते. पण त्यांनी वाट दिली हेही खरं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांची नजर आधी आबाच्या पोटाकडंच गेली. सदरा जखमेला चिकटला होता. त्या दिवसांत जळालेली माणसं रोज येत होती. “कुठलं गाव? कुणी जाळलं?” त्यांनी विचारलं. माय पुढं झाली आणि म्हणाली, “म्या.” 

“माझं ऱ्हाऊ द्या, सायेब,” आबा म्हणाला. “आधी पोराकडं बघा. तिनं बरुबर केलं. पोराच्या अंगावर जागा मीच हेरली व्हती.”

डॉक्टरांना किती कळलं, देव जाणे. पण त्यांनी सटूचा सदरा वर केला, पोटावर राखेचा उरलासुरला डाग पाहिला आणि हाका मारून नर्सला बोलावलं. सटू त्या खेपेला वाचला. पुढं तो किती वेळा सुजला आणि किती वेळा उतरला, आणि मिसरूड फुटायच्या आत कसा गेला, ते लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही. मी एकदा प्रयत्न करून पाहिला आहे.

दवाखान्यातली एक सकाळ मात्र सांगते. इंजेक्शनं लागू पडली होती आणि सटूला भरभरून लघवी व्हायला लागली होती. माय भांडी बदलता बदलता हसत होती. सटूचे डोळे पुरते उघडले होते. समोर भिंतीला टेकून आबा बसला होता, पोटावर पांढरी पट्टी.

“आबा, दुखायलंय का?” सटूनं विचारलं.

“व्हय.”

“लय?”

“लय.”

सटूनं त्या पट्टीकडं बोट केलं. “मग मला कामून डाग द्यायलतास?”

मला वाटलं, माय त्याला गप्प करील. पण हातात भांडं घेऊन ती आबाकडं बघत उभी राहिली, जणू तो प्रश्न तिचाच होता. आबानं खाली मान घातली. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

“काईच करता येईना, बाळा,” तो म्हणाला. “नुसतं तुझ्याकडं बघत बसवंना म्हून.”

“मला तरी कुठं बसवत व्हतं?” माय म्हणाली. तिनं भांडं कॉटखाली सरकवलं आणि जाऊन आबाच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.